पथदर्शी अभ्यासाला काय विचारावे आणि काय विचारू नये

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचकांच्या सोयीसाठी तो आधी थोडक्यात मांडते. तुम्ही गोव्यातील सत्तरी तालुक्यात परिचारिका म्हणून काम करता आणि पदव्युत्तर पदवीसाठी संशोधन करत आहात. ३५ ते ६० वयाच्या, वरचा रक्तदाब १४० किंवा त्याहून अधिक असलेल्या महिलांना अंगणवाडी सेविकेकडून जेवणातील मीठ कमी करण्याविषयी चार सत्रांत माहिती दिली, तर त्यांचा रक्तदाब उतरतो का, हे तुम्हांला पाहायचे आहे. मुख्य अभ्यास दोन आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, २०० महिलांवर करायचा असे ठरले आहे. ‘त्याच्या दहा टक्के घेऊन पायलट करा’, म्हणजे मुख्य अभ्यासाआधी छोटा पथदर्शी अभ्यास करा, असे मार्गदर्शकांनी सांगितल्यामुळे तुम्ही जुलैच्या मध्यावर २० महिलांचा रक्तदाब मोजला, चार सत्रे घेतली आणि सहा आठवड्यांनी पुन्हा मोजला. वरचा दाब सरासरी ८ मिलिमीटरने उतरला, पी-मूल्य (खरा फरक काहीच नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०१ आले. आता तुम्ही तीन गोष्टी विचारता: वीस ही संख्या पुरेशी होती का, या ८ च्या आकड्यावरून मुख्य अभ्यासाची नमुनासंख्या, म्हणजे त्यात किती महिला घ्याव्यात ती संख्या, काढता येईल का, आणि या वीस महिला पुढच्या दोनशेंत धरता येतील का.

प्रश्नाच्या अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही आणखी एक वाक्य लिहिले आहे: ३१ महिलांना विचारले तेव्हा २० तयार झाल्या आणि त्यांपैकी १३ जणींनीच चोवीस तासांची लघवी (पोटात किती मीठ गेले ते हिच्यावरून मोजतात) पूर्ण जमवून दिली. माझ्या मते तुमच्या पथदर्शी अभ्यासाने दिलेले खरे उत्तर या वाक्यात आहे, आणि ८ मिलिमीटरच्या आनंदात ते मागे पडले आहे. पथदर्शी अभ्यासाला ‘हा उपाय लागू पडतो का’ असे विचारले, तर तो काहीतरी आकडा देतोच. मात्र तो आकडा विश्वास ठेवण्याजोगा नसतो. त्याला ‘मी आखलेले काम या गावात, या माणसांकडून, या वेळेत पार पडेल का’ असे विचारले, तर तो नेमके उत्तर देतो. गेली वीसहून अधिक वर्षे मी गोव्यात आरोग्यविषयक क्षेत्र-अभ्यासांची संख्याशास्त्रीय बाजू सांभाळते आहे, आणि या दोन प्रश्नांची गल्लत हीच मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक आहे.

आधी ८ मिलिमीटरकडे पाहू. तुम्ही महिला निवडल्या त्या १४० च्या वर दाब आढळला म्हणून. रक्तदाब दिवसागणिक, तासागणिक खालीवर होतो, त्यामुळे ज्या दिवशी तो वर होता नेमक्या त्याच दिवशी पकडलेल्या काही महिला तुमच्या यादीत आल्या असणार. त्यांचा दाब पुन्हा मोजला की काहीही न करता तो थोडा खाली येतो. याला सरासरीकडे परतणे म्हणतात, आणि तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर ही आपोआपची उतरण आणि तुमच्या सत्रांमुळे आलेली उतरण वेगळी काढण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. शिवाय पहिल्या भेटीत अनोळखी माणूस हाताला पट्टा गुंडाळतो तेव्हाचा ताण दुसऱ्या भेटीत राहत नाही, हेही यात मिसळते.

याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्या तारखांत दडली आहे. गोव्यात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते, समुद्र खवळलेला असतो, आणि घराघरांत ताज्या मासळीची जागा सुक्या व खारवलेल्या मासळीने घेतलेली असते. तुमचे पहिले मोजमाप या काळातले आहे. दुसरे मोजमाप ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे बंदी उठल्यानंतर आणि श्रावणाच्या दिवसांत झाले. सत्तरीतील बहुसंख्य हिंदू घरांत श्रावणात मासळी शिजत नाही, म्हणजे सुका बांगडाही नाही आणि खारेही नाही. तुमच्या सत्रांचा काहीच उपयोग झाला नसता तरी या सहा आठवड्यांत त्या महिलांच्या पोटात जाणारे मीठ बहुधा कमीच झाले असते. तुमची सत्रे निरुपयोगी ठरली असे मी मुळीच म्हणत नाही. उतरलेल्या ८ मिलिमीटरपैकी किती सत्रांचे, किती श्रावणाचे आणि किती सरासरीकडे परतण्याचे, हे सांगता येणार नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

समजा, हे सारे बाजूला ठेवले आणि आकडा जसाच्या तसा खरा धरला, तरीही त्यावरून नमुनासंख्या काढता येत नाही. वीस महिला, सरासरी फरक ८ आणि पी-मूल्य ०.०१ यांवरून उलट गणित केले तर ९५ टक्के विश्वास अंतराल (खरा फरक बहुधा ज्या मर्यादांत असेल तो पल्ला) साधारण २ ते १४ मिलिमीटर येतो. दाबाचे प्रमाण विचलन (महिलांचे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) १५ मिलिमीटर धरून, नेहमीच्या ८० टक्के सामर्थ्यासाठी (खरा फरक असल्यास तो पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळीसाठी (फरक नसताना तो दिसल्याचे म्हणण्याची शक्यता) हिशेब करा. खरा फरक १४ असेल तर दर गटात १८ महिला पुरतात, ८ असेल तर ५६ लागतात आणि २ असेल तर सुमारे ८८० लागतात. ज्या आकड्यातून १८ ते ८८० असा पल्ला निघतो, त्यावर दोन वर्षांचे काम उभे करू नये. तुम्ही ८ वर भरवसा ठेवून दर गटात ५६ महिला घेतल्या आणि खरा फरक ४ असला, तर तो पकडण्याची शक्यता ३० टक्क्यांच्या आसपासच राहील. म्हणजे उपाय उपयोगी असूनही ‘फरक आढळला नाही’ असे लिहिण्याची पाळी तीनपैकी दोन वेळा येईल. संख्याशास्त्रज्ञ हेलेना क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हाच धोका दाखवून दिला होता: पथदर्शी अभ्यासात परिणाम लहान दिसला तर चांगली कल्पना अकाली टाकून दिली जाते, आणि मोठा दिसला तर मुख्य अभ्यास अपुऱ्या संख्येवर उभा राहतो.

मग फरकाचा आकडा आणायचा कोठून? त्याचे उत्तर तुमच्या वीस महिलांच्या बाहेर आहे. किती मिलिमीटर उतार पडला तर आरोग्य केंद्राने ही सत्रे चालू ठेवणे योग्य ठरेल, हे आधी ठरवा. तो निर्णय वैद्यकीय आहे आणि डॉक्टरांशी बोलून घ्यायचा आहे. त्यासोबत जगभरात काय आढळले ते पाहा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३४ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, रोजचे मीठ सरासरी ४.४ ग्रॅमने कमी झाले तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब सुमारे ५.४ मिलिमीटरने उतरला. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मिठाची आहे, यावरून ४.४ ग्रॅमची कपात किती मोठी आहे हे लक्षात येईल. केवळ चार सत्रे ऐकून गावातली गृहिणी एवढी कपात करील असे मला वाटत नाही. म्हणून ५ हा आशावादी आकडा आहे आणि ३ किंवा ४ हा अधिक प्रामाणिक.

प्रमाण विचलन मात्र पथदर्शी अभ्यासातून काही प्रमाणात घेता येते, फक्त त्यात एक काळजी घ्यावी लागते. लहान नमुन्यातून काढलेले विचलन खऱ्यापेक्षा कमी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. म्हणून मी ते आहे तसे वापरत नाही, त्याच्या ८० टक्के वरच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे खरे विचलन ज्याच्या आत असल्याची ८० टक्के खात्री आहे त्या आकड्यापर्यंत, वाढवून घेते. वीस महिलांमध्ये विचलन १५ आले असेल तर मी सुमारे १७.७ धरीन. ५ मिलिमीटरच्या फरकासाठी १५ धरल्यास दर गटात सुमारे १४१ महिला लागतात, १७.७ धरल्यास सुमारे १९६. हा जादाचा खर्च वाटेल, परंतु अभ्यास संपल्यावर संख्या कमी पडली असे कळण्यापेक्षा तो स्वस्त आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते. ३१ पैकी २० तयार झाल्या, म्हणजे सुमारे ६५ टक्के. २० पैकी १३ जणींनी लघवी पूर्ण जमवली, म्हणजे पुन्हा ६५ टक्के. मुख्य अभ्यासात २०० महिलांची पूर्ण माहिती हवी असेल तर सुमारे ३०८ जणींची संमती लागेल आणि त्यासाठी सुमारे ४७५ दारे ठोठवावी लागतील. एका कार्यकर्तीने दिवसाला सहा घरे केली तर पहिल्या भेटीचेच ८० दिवस झाले. आणि हे आकडेही लहान नमुन्यातले आहेत: संमतीचे खरे प्रमाण ४५ ते ८१ टक्के यांत कोठेही असू शकते, लघवी जमवण्याचे ४१ ते ८५ टक्के यांत. दोन्हींची वाईट टोके एकत्र आली तर १,०८० दारे, चांगली टोके एकत्र आली तर २९०. तुमच्या वेळापत्रकात यांपैकी कोणता आकडा बसतो, याचा विचार पी-मूल्याआधी व्हायला हवा होता.

सात जणींनी लघवी का जमवली नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण बहुधा तुम्हांला ठाऊक असेल. माझ्या एका अभ्यासात आम्ही तीन लिटरचा पांढरा कॅन देत असू. पहिल्या दहा महिलांपैकी चौघींचे माप ५०० मिलिलिटरहून कमी भरले. प्रयोगशाळेने ‘अपूर्ण’ असा शिक्का मारला. आमच्या क्षेत्र-कार्यकर्तीने त्या घरी जाऊन शांतपणे चौकशी केली तेव्हा कळले की महिला सकाळी आठला कामावर जात आणि संध्याकाळी पाचला परतत. बसमधून कॅन घेऊन जाणे त्यांना शक्यच नव्हते, म्हणून त्यांनी फक्त घरी असतानाची लघवी जमवली होती. त्यांनी टाळाटाळ केली नव्हती, आम्ही दिलेला दिवस चुकीचा होता. आम्ही संकलन रविवारी सकाळी सुरू करून सोमवारी सकाळी संपवण्याचे ठरवले, कॅन बाहेरून दिसू नये म्हणून कापडी पिशवी दिली, आणि पुढची मापे बरीच सुधारली. हा बदल कोणत्याही पुस्तकात मिळाला नसता. पथदर्शी अभ्यास यासाठीच असतो.

पथदर्शी अभ्यास टाळल्याने काय होते, याचाही अनुभव मी घेतला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी घरगुती मिठाच्या वापराची पाहणी करायची होती. वेळ कमी होता, म्हणून प्रश्नावली थेट छापून घेतली. त्यात एक प्रश्न होता: ‘गेल्या महिन्यात घरात किती मीठ विकत आणले?’ पाहणी पावसाळ्यात झाली आणि पहिल्या दोन आठवड्यांतच उत्तरांच्या रकान्यात शून्यच शून्य दिसू लागले. मी त्या वेळी तरुण होते आणि मला वाटले की कार्यकर्त्या प्रश्न न विचारताच रकाना भरत आहेत. पेडण्याकडच्या एका घरातल्या वयस्कर काकींनी मला हात धरून कोठीत नेले आणि चिनीमातीच्या मोठ्या बरणीवरचे फडके काढून दाखवले. बरणी जाड्या मिठाने गळ्यापर्यंत भरलेली होती. मे महिन्यात मिठागरातून आणलेले ते मीठ चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत पुरणार होते. पावसाळ्याआधी घरात पुरुमेंत भरून ठेवतात, त्यात मीठ, मिरच्या, सोले, सुकी मासळी सारे येते, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. तरीही प्रश्न लिहिताना ते मनात आले नाही. दहा घरांत तो प्रश्न आधी विचारून पाहिला असता तरी चूक उघड झाली असती. आम्हांला तो रकाना पूर्ण टाकून द्यावा लागला, आणि ज्या घरांनी वेळ दिला त्यांचा वेळ वाया गेला. याचे मला आजही वाईट वाटते.

भाषेचा मुद्दाही येथे लक्षात घ्यावा लागेल. तुमची प्रश्नावली मराठीत आहे आणि सत्तरीत ती बहुतेकींना वाचता येते, परंतु घरात बोलणे कोंकणीत होते, आणि कार्यकर्ती दारात उभी राहून मराठी प्रश्न मनातल्या मनात कोंकणीत करून विचारते. पाच कार्यकर्त्या असतील तर एका प्रश्नाची पाच रूपे होतात. पथदर्शी अभ्यासात पहिल्या काही मुलाखती ध्वनिमुद्रित करा, अर्थात संमती घेऊन, आणि प्रत्येकीने प्रश्न प्रत्यक्षात कोणत्या शब्दांत विचारला ते लिहून काढा. जे रूप सर्वांना नीट समजले तेच छापील प्रश्नावलीत घाला. ‘जेवताना वरून मीठ घेता का?’ या प्रश्नाला तुमच्या वीसही जणींनी ‘नाही’ म्हटले असेल तर तो प्रश्न काढून टाका. ज्याचे उत्तर सर्वांचे एकच येते त्यातून काही कळत नाही. ‘हांव मीठ चड खायना’ (मी मीठ फार खात नाही) असे मनापासून सांगणारी बाई दहा वाजता पेजेबरोबर चेपणीचे तोर, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या, खाते, आणि ते तोर तिच्या हिशेबात मीठ नसते, आंबा असतो. म्हणून पदार्थांची नावे घेऊन विचारा: तोर, मिस्कूट (कैरीचे लोणचे), खारे (खारवलेली मासळी), सुके. ‘मीठ’ हा शब्द शेवटी आणा.

मोजमापाविषयी एकच तपासणी सुचवते, ती आजच करता येईल. तुमच्याकडे वीस महिलांच्या दोन वेळच्या मिळून ४० नोंदी आहेत. पाऱ्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात, म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ असतो आणि शून्यावर संपणाऱ्या नोंदी ८ च्या आसपास असायला हव्यात. त्या २० किंवा २५ असतील तर मोजणारी व्यक्ती आकडे जवळच्या शून्यावर नेऊन लिहिते आहे, आणि १३८ चा १४० झाला की बाहेर राहायला हवी ती महिला अभ्यासात येते. अशा वेळी आपोआप मोजणारे डिजिटल यंत्र, योग्य मापाचा पट्टा आणि मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसवणे, या तीन गोष्टींनी जे साधते ते नमुनासंख्या वाढवून साधत नाही.

दहा टक्क्यांच्या नियमाविषयी तुमच्या मार्गदर्शकांचा मान राखून सांगते की त्याला गणिताचा आधार नाही. पथदर्शी अभ्यासाची संख्या त्याला विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून असते. प्रमाण विचलनाचा अंदाज हवा असेल तर दर गटात किमान १२ ही सूचना २००५ पासून प्रचलित आहे, आणि मी स्वतः एकूण ३० च्या खाली सहसा जात नाही. अडचणी शोधायच्या असतील तर हिशेब सोपा आहे: दहा टक्के महिलांच्या बाबतीत उद्भवणारी अडचण किमान एकदा दिसण्याची शक्यता ९५ टक्के हवी असेल तर २९ महिला लागतात, पाच टक्क्यांची अडचण असेल तर ५९. प्रश्नांचे शब्द तपासायचे असतील तर दहा-बारा मुलाखती नीट ऐकणे पुरते. तुमच्या वीस महिला शब्दांसाठी पुरेशा होत्या, अडचणींसाठी काठावर होत्या, आणि परिणाम सिद्ध करण्यासाठी कधीच पुरणार नव्हत्या.

माझा आग्रह असतो तो एका गोष्टीचा: पुढे जायचे की थांबायचे याचे निकष पथदर्शी अभ्यास सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहिलेले असावेत. उदाहरणार्थ, लघवीचे पूर्ण संकलन ८० टक्के किंवा अधिक झाले तर आराखडा तसाच ठेवायचा, ६० ते ८० असेल तर पद्धत बदलून पुन्हा पाहायचे, ६० च्या खाली गेले तर चोवीस तासांचे संकलन सोडून दुसरे साधन शोधायचे. हे आकडे माझे आहेत. तुमच्याकडचे मनुष्यबळ आणि पैसा पाहून तुम्ही वेगळे ठरवू शकता. निकष आधी लिहिले नाहीत तर मन आपल्याला हवा तोच निष्कर्ष काढते, आणि हे अनुभवी संशोधकांच्या बाबतीतही तितकेच खरे आहे. तुमचे ६५ टक्के या उदाहरणात मधल्या पट्ट्यात बसतात. म्हणजे काम पुढे न्यायचे, पण बदल करून.

या वीस महिला मुख्य अभ्यासात धरता येतील का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पथदर्शी टप्प्यातील महिला पुढे मोजता येतात, पण त्यासाठी तसे आधीच ठरलेले असावे लागते आणि आराखडा जसाच्या तसा पुढे चालावा लागतो. अशा अंतर्गत पथदर्शी टप्प्यात विचलन पाहून नमुनासंख्या सुधारण्याची सोयही असते. तुमच्याकडे तुलनागट नव्हता आणि आता प्रश्नही बदलणार आहेत. शिवाय आकडा चांगला आला म्हणून त्याला आत घेणे आणि वाईट आला असता तर बाहेर ठेवणे, यात निष्कर्ष आपोआप एका बाजूला झुकतो. ज्या वाड्यांवर ही सत्रे झाली ते वाडेही मुख्य अभ्यासातून वगळा, कारण तिथल्या बायका शेजारणींशी बोललेल्या असणार.

तुम्ही विचारले नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही असा एक मुद्दा आहे. एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत सत्रे आणि दुसऱ्या हद्दीत काही नाही, असा तुमचा आराखडा आहे. त्यात दर बाजूला प्रत्यक्षात एकच एकक राहते, आणि दोन केंद्रांतला कोणताही फरक, मग तो डॉक्टरांचा असो किंवा औषधांच्या उपलब्धतेचा, सत्रांच्या खात्यावर जमा होतो. नमुना कितीही वाढवला तरी हा दोष जात नाही. अंगणवाडी हे एकक धरून अनेक अंगणवाड्यांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागणी करा. एका अंगणवाडीतील महिलांची उत्तरे एकमेकींसारखी असतात, त्याचीही भरपाई करावी लागते: दर अंगणवाडीत २० महिला आणि अंतर्गत सहसंबंध (या सारखेपणाचे माप) ०.०२ धरला तर संख्या १.३८ पटीने वाढते, ०.०५ धरला तर १.९५ पटीने. हा सहसंबंध तुमच्या पथदर्शी अभ्यासातून काढता येणार नाही, तो इतर प्रकाशित अभ्यासांतूनच घ्यावा लागेल.

हे अवघड वाटत असेल तर आपल्याच राज्यातील उदाहरण पाहा. संगाथ संस्थेच्या ‘मनशांती सुधार शोध’ या प्रकल्पात आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून नैराश्य व चिंता यांवर मदत देण्याची पद्धत तपासली गेली. मुख्य चाचणीआधी तज्ज्ञांशी व केंद्रांशी सल्लामसलत, मग प्राथमिक संशोधन, मग प्रत्यक्ष केंद्रांत पथदर्शी टप्पा असा क्रम ठेवला होता, आणि ‘हे येथे चालेल का, लोकांना रुचेल का’ याविषयीचा अहवाल २००८ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. या टप्प्यांनंतरची मुख्य चाचणी २४ केंद्रांत, १२ सरकारी आणि १२ खासगी, मिळून २,७९६ जणांवर झाली. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांत सुधारणा दिसली, खासगी दवाखान्यांत फारसा फरक दिसला नाही. इतका सूक्ष्म निष्कर्ष मिळाला तो मुख्य चाचणी पुरेशी मोठी होती म्हणून, आणि ती पार पडू शकली ती आधीचे टप्पे मन लावून केले होते म्हणून. तुमचे साधनबळ त्याच्या तुलनेत लहान आहे, परंतु क्रम तोच ठेवता येईल.

नैतिकतेविषयी थोडक्यात. पथदर्शी अभ्यासातही माणसांकडून माहिती घेतली जाते, त्यामुळे नैतिकता समितीची परवानगी त्यालाही लागते. ‘पायलटच तर आहे’ ही सबब चालत नाही. चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीत मुख्य अभ्यासाची नोंद पहिली महिला दाखल होण्यापूर्वी करा. आणि १८० वर ११० असा दाब आढळलेली महिला त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत कशी पोहोचेल, गाडी कोणाची, सोबत कोण, हे पथदर्शी टप्प्यातच प्रत्यक्ष करून पाहा.

पुढचे पाऊल म्हणून मी तुमच्या जागी असते तर चार अंगणवाड्या घेऊन, दोन सत्रांच्या आणि दोन तुलनेच्या, सुमारे ३० महिलांचा दुसरा पथदर्शी टप्पा नोव्हेंबर ते जानेवारीत केला असता. विद्यापीठाची मुदत आड येत असेल तर तुलनागट सोडून निदान संकलनाचा रविवार, नवे प्रश्न आणि डिजिटल यंत्र एवढे तरी तपासा. मुख्य अभ्यास मार्च-एप्रिलमध्ये जाणार असेल तर त्याआधी काजूच्या हंगामातले चार-पाच दिवस गावात घालवून पाहणे आवश्यक आहे, कारण त्या दिवसांत बायका पहाटेच बोंडू (काजूची फळे) वेचायला डोंगरावर जातात आणि सकाळी दहाच्या शिबिराला कोणी येत नाही. दोन्ही गटांची मोजमापे एकाच आठवड्यात घ्या, म्हणजे श्रावण असो वा सुकी मासळी, त्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा पडेल.

या सगळ्याआधी मात्र एक काम करा. ज्या ११ महिलांनी नकार दिला त्यांच्याविषयी जे आठवते ते आजच वहीत लिहून ठेवा: कोणता वाडा, कोणता वार, किती वाजता गेलात, दार कोणी उघडले, बाई स्वतः ‘नको’ म्हणाली की घरातल्या दुसऱ्या कोणी म्हटले, आणि नकार रक्तदाब मोजण्याला होता की कॅनला. त्यांना पुन्हा गळ घालू नका. नकार कॅनला असेल तर तुमचा उपाय वेगळा आहे, आणि वेळेला असेल तर वेगळा. आणखी महिन्याभराने तुम्हांलाही ते नेमके आठवणार नाही.